होळी झाली की बंद होणारा पंप

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखक नंदुरबार जिल्ह्यातील ४२ वर्षांचे शिक्षक आहेत. वडील ६७ वर्षांचे असून तीस वर्षांहून अधिक काळ लाल मिरचीच्या व्यापारात आहेत आणि त्यांची स्वतःची लहानशी पथारी, म्हणजे ओली मिरची वाळवायची मोकळी जागा आहे. विडी-तंबाखूचे व्यसन नाही. बारा वर्षांपूर्वी फुफ्फुसांची फुंकण्याची तपासणी होऊन दम्याचे निदान झाले. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या रात्री त्यांना एवढा दम लागला की तीन दिवस दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावे लागले. घरी पाठवताना डॉक्टरांनी दोन पंप दिले: दम लागल्यावर घ्यायचा निळा पंप, आणि सकाळ-संध्याकाळ न चुकता घ्यायचा ब्युडेसोनाइडचा २०० मायक्रोग्रॅमचा पंप. रोजचा पंप त्यांनी जेमतेम एप्रिलपर्यंत घेतला. मग तोंड आले, जीभ पांढरी पडली, भाजीचे तिखट सोसेना. ‘पंप उष्ण पडतो, उन्हाळ्यात नको’ असे आईने ठरवले, पंप थांबला आणि काही दिवसांत तोंड बरे झाले. या वर्षी जानेवारीत आणलेल्या रोजच्या पंपावरचा आकडा दोन महिन्यांत २०० वरून १९१ वर आला आहे. निळा पंप मात्र दिवाळीपासून चौथा चालू आहे. ‘वडील हट्टी आहेत, गोळ्या दिल्या तर निमूट घेतात, मग डॉक्टरांना सांगून गोळ्याच सुरू कराव्यात का? की धाक दाखवून पंपच घ्यायला लावावा?’ असे ते विचारतात. पत्राच्या शेवटी ओघात एक वाक्य आहे: ‘माझ्या अकरा वर्षांच्या मुलालाही डॉक्टरांनी पंप सांगितला होता, पण एवढ्या लहान वयात नको म्हणून आम्ही दोघे सिरपवर भागवतो.’

भाऊ,

तुमच्या पत्रात वडिलांसाठी ‘हट्टी’ हा शब्द पाच वेळा आला आहे. मला मात्र त्यात वेगळेच काही दिसले. ज्याला औषधच नको असते तो माणूस दिवाळीपासून चार निळे पंप आणत नाही. तुमचे वडील औषध घेतात, पदरचे पैसे मोजून घेतात आणि संपायच्या आत नवे आणतात. फक्त दोहोंपैकी एकच घेतात. आयुष्यभर व्यापार केलेल्या माणसाने दोन वस्तूंतून एक निवडली असेल, तर त्यामागे काहीतरी हिशेब असणार, आणि तो हिशेब समजून घेतल्याशिवाय केलेली जबरदस्ती आठ दिवसांपलीकडे टिकणार नाही.

तो हिशेब अवघड नाही. निळ्या पंपातले सालबुटामॉल श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करते, पाच मिनिटांत छाती मोकळी होते आणि तो आराम चार ते सहा तास टिकतो. पैसे दिले, माल मिळाला, व्यवहार संपला. रोजच्या पंपातले ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड आहे, आणि ते घेतल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. ते श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराची सूज उतरवते, त्याला काही दिवसांपासून काही आठवडे लागतात, आणि त्याचा गुण म्हणजे जे घडले नाही ते: न लागलेला दम, न मोडलेली झोप. न घडलेल्या गोष्टीची नोंद वहीत कोणी करत नाही. म्हणून मार्चमध्ये तुम्ही पंप पुढे केलात की ते म्हणतात, ‘माले आते काय व्हयेल शे?’ (मला आता काय झाले आहे?) हे उत्तर तुम्ही उर्मटपणाचे मानले आहे, पण त्यांच्या बाजूने तो अगदी सरळ प्रश्न आहे.

‘त्रास नाही म्हणजे आजार नाही’ ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. न्यूयॉर्कमधील दम्याच्या प्रौढ रुग्णांचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून अधिक रुग्णांना असेच वाटत होते की लक्षणे नसताना आपल्याला दमा नसतो. आणि असे मानणारे लोक रोजचे औषध कमी घेत होते. ब्रिटनमधील रॉब हॉर्न आणि जॉन वाइनमन या आरोग्य-मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यासह औषधांविषयीच्या समजुती मोजण्याची एक प्रश्नावली मांडली. तिचे सार असे की रुग्णाच्या मनात तराजूची दोन पारडी असतात: एकात ‘मला याची गरज किती’ आणि दुसऱ्यात ‘यापासून मला धोका किती’. गरजेचे पारडे वर गेले आणि काळजीचे खाली बसले की औषध सुटते, मग माणूस शिकलेला असो वा नसो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे जवळपास निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. तेव्हा वडिलांना जगावेगळे समजू नका.

गरजेचे पारडे जड कसे करायचे, ते तुमच्या वडिलांच्याच धंद्यात सापडते. ओली लाल मिरची पथारीवर पसरली की दोन-तीन दिवसांत वरून कडकडीत दिसते, पण देठाशी ओल असते. त्या अवस्थेत ढीग मारला तर आतून बुरशी धरते आणि माल काळा पडतो. वरून वाळलेली दिसते म्हणून पालटणे थांबवायचे नसते, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नाही. होळीनंतरचा दमा असाच असतो: वरून कोरडा, देठाशी ओला. श्वासनलिकांची सूज लक्षणे गेल्यावरही मागे राहते, आणि पुढच्या हंगामात मिरचीची धूळ उडाली की त्या सुजेवरच दम्याचा झटका येतो. हे वाक्य तुम्ही पुस्तकी भाषेत सांगू नका. पथारीवर उभे राहून, हातात मिरची धरून, घरच्या अहिराणीत सांगा.

आता काळजीच्या पारड्याकडे येतो, कारण तुमच्या घरातली खरी गाठ तिथे आहे. तोंड आले ही घटना तुम्ही दोन ओळींत उरकलीत, पण तुमच्या आईवडिलांच्या दृष्टीने तो पुरावा आहे: पंप सुरू होता तेव्हा जीभ पांढरी झाली, पंप थांबवला तेव्हा बरी झाली. कोणत्याही शहाण्या माणसाने यातून काढला असता तोच निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो अर्धा बरोबरही आहे. त्रास पंपामुळेच झाला होता. चूक फक्त कारणात झाली. वर्णनावरून ती बहुधा उष्णता नव्हती, तोंडातली बुरशी होती. फवाऱ्यातील औषधाचा बराचसा भाग फुफ्फुसात न जाता जिभेवर आणि घशात बसतो. तो तसाच राहिला तर तिथली प्रतिकारशक्ती थोडी मंदावते, बुरशी वाढते, कधी आवाज बसतो. याला उपाय आहे आणि तो फुकट आहे. पंप घेतल्यानंतर पाण्याने खळखळून चूळ भरून ते पाणी थुंकायचे. त्याला स्पेसरची जोड दिली, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची नळकांडी वापरली, तर तोंडात बसणारे औषध आणखी कमी होते. चूळ भरायला कोणी सांगितले होते का, हे पत्रावरून कळत नाही. गर्दीच्या दवाखान्यात, घरी जायच्या घाईत हे एक वाक्य राहून जाते, आणि त्या एका वाक्याअभावी वर्षभराचे औषध सुटते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता दोष रुग्णाला देताना जीभ अडखळते.

म्हणून आईला ‘तुझी समजूत चुकीची’ असे म्हणू नका. ‘तू म्हणतेस ते खरे, पंपानेच तोंड आले होते, पण चूळ न भरल्यामुळे’ असे म्हणा. आई तुमच्या बाजूने झाली की अर्धे काम झाले, कारण पंप फळीवर कुठे ठेवायचा हे त्या घरात तीच ठरवते. रोजचा पंप दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवायला सांगा: आधी पंप, मग ब्रश. चूळ आपोआप भरली जाते आणि सकाळची आठवणही राहते. संध्याकाळचा पंप जेवणाआधी घेतला तरी चालेल, फक्त चूळ विसरायची नाही.

गोळ्यांच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. गोळी सौम्य आणि पंप जालीम, हा समज आकड्यांपुढे उभा राहत नाही. सालबुटामॉलची एक गोळी साधारणपणे ४ मिलिग्रॅमची असते आणि पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके औषध, तेही पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगभर. हात कापणे आणि छाती धडधडणे येते ते तिथून. स्टेरॉइडचेही तसेच. झटका आल्यावर प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी बहुधा रोज ४० मिलिग्रॅम याप्रमाणे पाच दिवस देतात, म्हणजे एकूण २०० मिलिग्रॅम. वडिलांच्या रोजच्या पंपातून दिवसाला ०.४ मिलिग्रॅम ब्युडेसोनाइड जाते. दोन्ही औषधांची ताकद वेगवेगळी असल्याने वजनाला वजन लावून निकाल काढणे बरोबर नाही, हे मान्य. पण ब्युडेसोनाइडचा जो भाग गिळला जातो त्यातला सुमारे ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निष्प्रभ करते, आणि म्हणूनच एवढ्या कमी मात्रेत अंगावर परिणाम फारसा होत नाही. मोठ्या मात्रेत अनेक वर्षे घेतल्यास हाडे आणि डोळे यांवर लक्ष ठेवावे लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. वडिलांची मात्रा त्या गटातली नाही. उलट रोजचा पंप टाळून जे वारंवार झटक्याला आणि मग गोळ्यांच्या फेरीला सामोरे जातात, तेच अधिक स्टेरॉइड खातात.

‘पंप म्हणजे शेवटची पायरी’ हा समज कुठून येतो, याचाही विचार करा. आपल्याकडे पंप उशिरा दिला जातो आणि त्याहून उशिरा स्वीकारला जातो, त्यामुळे गावात ज्यांच्या हातात पंप दिसतो ते सगळे थकलेले, खंगलेले असतात, आणि बघणाऱ्याला वाटते की पंपानेच असे केले. खरे तर पंपाचा जन्म सोयीतून झाला. अमेरिकेत १९५५ मध्ये दमा असलेल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने औषध कंपनीत काम करणाऱ्या वडिलांना विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का मिळत नाही. पुढच्याच वर्षी तसा पंप बाजारात आला. स्टेरॉइडचा पंप १९७२ पासूनचा, आणि त्याच्यामुळे गोळ्यांचे दुष्परिणाम टाळून स्टेरॉइडचा फायदा घेता येऊ लागला. सवय लागण्याची भीतीही तशीच निराधार आहे: ब्युडेसोनाइड बंद केल्यावर त्याची तलफ येत नाही, दबलेला आजार परत डोके वर काढतो. तुम्ही काळजी करायला हवी ती चौथ्या निळ्या पंपाची. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक निळे पंप वर्षाला लागणे हे जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार मोठ्या झटक्याचा धोका वाढल्याचे लक्षण मानले जाते, आणि वडिलांनी ती रेघ चार-पाच महिन्यांतच ओलांडली आहे.

धाक दाखवावा का, असे तुम्ही विचारता. धाक दाखवण्यासारखा आकडा माझ्याजवळ आहे, आणि तो मी तुम्हाला सांगतो, वडिलांना सुनावण्यासाठी नव्हे. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातील ३० हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मागील वर्षभरात वापरलेल्या स्टेरॉइडच्या प्रत्येक जादा पंपामागे दम्याने मृत्यू येण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि पंप सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत हे प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होते. हे कळल्यावर मार्चमधला बंद पंप तुम्हाला निरुपद्रवी वाटणार नाही. पण संक्रांतीची ती रात्र ज्याने स्वतःच्या छातीत सोसली आहे त्याला भीतीचा आणखी एक डोस देऊन काय साधणार? घाबरलेला माणूस निळा पंप अधिक घट्ट धरतो, रोजचा नाही.

त्याऐवजी त्यांना काय हवे आहे ते विचारा. तुम्ही लिहिले आहे की दर दत्तजयंतीला ते सारंगखेड्याच्या यात्रेला जात, घोडेबाजारात दिवसभर फिरत, आणि गेली दोन वर्षे धुळीच्या भीतीने गेलेले नाहीत. बोलण्याची सुरुवात पंपापासून न करता तिथून करा: ‘अण्णा, यंदा सारंगखेड्याला जायचे का?’ ते ‘दम लागेल’ म्हणतील, आणि तिथेच गरजेचे पारडे त्यांनी स्वतः उचलून तुमच्या हाती दिलेले असेल. मग विचारा की या पंपाने काय होते असे त्यांना वाटते, आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत मध्ये तोंड घालू नका. शिक्षकांना हे जड जाते, मला कल्पना आहे.

उपचाराची रचनाही वडिलांच्या स्वभावाप्रमाणे बदलता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दमा साधारण तीन महिने पूर्ण आटोक्यात राहिला तर डॉक्टर मात्रा उतरवू शकतात. तेव्हा उन्हाळ्यात स्वतःच्या मनाने शून्यावर येण्याऐवजी डॉक्टरांना विचारून कमी मात्रेवर येणे आणि ओल्या मिरचीची आवक सुरू होण्याच्या आधी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, ती पुन्हा वाढवणे, अशी हंगामाची आखणी शक्य आहे. दुसरा मार्ग मला तुमच्या वडिलांसाठी अधिक जुळणारा वाटतो. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजही घ्यायचा आणि दम लागल्यावरही तोच घ्यायचा, अशी पद्धत आता जागतिक मार्गदर्शनात पसंतीची मानली जाते. प्रौढांनी केवळ सालबुटामॉलवर अवलंबून राहू नये, असेही २०१९ पासून त्यात स्पष्ट सांगितले आहे. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांतच छाती मोकळी करते, म्हणजे त्यांना हवा तो तत्काळ गुण मिळतो आणि त्याच फवाऱ्यातून सुजेवरचे औषधही जागेवर पोहोचते. दिवसाला जास्तीत जास्त किती फवारे हे मात्र डॉक्टरांनी लिहून द्यायला हवे, आणि प्रत्येक जोड-पंप असा वापरता येत नाही.

त्याआधी एक साधी गोष्ट करा. वडिलांना तुमच्यासमोर पंप घ्यायला सांगा आणि फक्त पाहा. पंप हलवला का, श्वास पूर्ण सोडला का, ओठ घट्ट मिटले का, फवारा दाबतानाच संथपणे श्वास आत ओढला का, आणि मग मनातल्या मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास धरला का. यातला फवारा आणि श्वास यांचा मेळच बहुतेकांचा चुकतो. नाकातून किंवा ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर आला तर समजा की औषध हवेत गेले. कॅप्सूल फोडून ओढायचे रोटाहेलर वेगळे; त्यात श्वास जोराने ओढावा लागतो, आणि दोन्ही प्रकार वापरणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. निळ्या पंपावर आकडा नसेल तर तो संपला का हे हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही, कारण औषध संपल्यावरही आतला वायू फुसफुसत राहतो. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवावी. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत पंप विसरू नये. पैशांची अडचण तुम्ही लिहिलेली नाही, पण इतर वाचकांसाठी सांगतो: ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्याने त्यांच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, आणि जनऔषधि केंद्रात चौकशी केल्यास खर्च आणखी खाली येऊ शकतो.

तुमच्या वहिनी सुचवतात ती कोजागरीची औषधी खीर वडिलांना घ्यायची असेल तर घेऊ द्या. पंप सोडण्याच्या अटीवर मात्र नाही. कुठल्या ओळखीच्या माणसाकडून आणलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांबाबत मी एवढा उदार नाही. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडल्याचे प्रकार वारंवार नोंदले गेले आहेत, आणि ‘एका पुडीत छाती मोकळी झाली’ असे कोणी सांगितले तर तीच शंका आधी घ्यावी.

बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, ओठ निळसर दिसतात, निळ्या पंपाचा गुण तीन-चार तासही टिकत नाही, यांपैकी काहीही दिसले तर समजावण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत किती फवारे, किती वेळाने द्यायचे, हे डॉक्टरांकडून आधीच एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद आईला वाचता येईल अशा अक्षरात भिंतीवर लावा.

राहिले तुमच्या मुलाचे सिरप. तुम्ही ज्या कारणासाठी वडिलांना हट्टी म्हणता, नेमक्या त्याच कारणासाठी तुम्ही दोघे नवराबायको पंप टाळत आहात: आत्ता नको, एवढ्यात नको, सवय लागेल. सालबुटामॉलचे सिरप गोळीसारखेच अंगभर फिरते आणि सुजेवर काहीच करत नाही. उंचीची भीती तुमच्या मनात असेल, तर तिचे उत्तर मोजलेले आहे. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना ब्युडेसोनाइड देऊन ती मोठी होईपर्यंत पाठपुरावा केलेल्या अमेरिकी अभ्यासात, २०१२ मध्ये, प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. ही किंमत शून्य नाही. पण रात्री खोकून उठणे, शाळा बुडणे आणि खेळाच्या तासाला कडेला बसणे यांच्याशी ती तुम्हीच ताडून पाहा. मुलाला रोजचे औषध खरोखर लागते का, हे डॉक्टर तपासून ठरवतील, कदाचित लागणारही नाही. आजोबा पंप घेतात का, हे तो मुलगा रोज पाहतो आहे, आणि आपल्याला पंप का दिला जात नाही तेही ऐकतो आहे.

डॉक्टरांची पुढची भेट उन्हाळा वाढण्याआधीच घ्या आणि जाताना वडिलांना बरोबर न्या, त्यांच्याऐवजी तुम्ही एकटे जाऊ नका. एका पिशवीत दोन्ही पंप, संपलेले निळे डबे, घरात पडलेल्या सगळ्या गोळ्या आणि पुड्या घाला. मुलाच्या सिरपची बाटलीही त्याच पिशवीत टाका.